वाफेची विहीर आणि पाण्याची विहीर

कॅलिफोर्नियातलं गायझर्स असो की न्यूझीलंडमधलं वैराकेई, भूऔष्णिक विहीर (जमिनीखालच्या उष्णतेसाठी खणलेली) मोकळी सोडली की कानठळ्या बसवत पांढरा लोट उठतो आणि दोन्ही विहिरी सारख्याच वाटतात. नीट पाहिलं तर गायझर्सला नळीच्या तोंडाशी थोडं अंतर काहीच दिसत नाही. खरी वाफ अदृश्य असते, पांढरे दिसतात ते थेंब. तिथे खडकाच्या भेगांतच वाफ भरलेली आहे. वैराकेईला मुळात गरम पाणी होतं, वाफ झाली ती विहिरीतून चढताना.

वाफेच्या विहिरीचं गणित सरळ आहे. वाफेचं वजन नगण्य, त्यामुळे व्हॉल्व्ह बंद केला की तळाचा दाब जवळजवळ जसाच्या तसा वर दिसतो. गायझर्सला सुरुवातीला तो सुमारे 33 बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण 33 पट होता.

पाण्याच्या विहिरीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं, आणि मला तेच जास्त आवडतं. 240 अंशांचं पाणी खोलवर दाबामुळे पाणीच राहतं. चढताना दाब 33 बारपर्यंत उतरला की उकळी फुटते. बाहेरून उष्णता मिळत नाही. वाफेला लागणारी उष्णता पाण्यातूनच जाते, म्हणून पाणी निवत जातं. दाब 7 बारवर येईपर्यंत तापमान 165 अंशांवर येतं आणि किलोभर पाण्यातल्या जेमतेम 165 ग्रॅमची वाफ झालेली असते. पण दोन्ही एकाच वेगानं वाहतात असं धरलं, तर एवढीशी वाफ नळीची सुमारे 98 टक्के जागा व्यापते! मिश्रण इतकं हलकं होतं की पंपाशिवाय वर येतं: आधी बुडबुडे, मग वाफेचे मोठे गोळे, शेवटी मधोमध झोत आणि भिंतीलगत पाण्याचा थर. उकळी फुटते तिथे कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि केसिंगवर, म्हणजे विहिरीच्या आतल्या नळीवर, कॅल्साइट या चुनखडीसारख्या खनिजाची पुटं चढतात.

इथे व्हॉल्व्ह आवळला तर उकळीची जागा वर सरकते, स्तंभ जड होतो आणि प्रवाह घटतो. फार आवळला तर विहीर बंदच पडते. मग काही वेळा कॉम्प्रेसरच्या हवेनं तिला पुन्हा चालू करावं लागतं.

ही विभागणी कायमची मात्र नाही. वैराकेईचं वीजकेंद्र 1958 मध्ये सुरू झालं. उपसा वाढत गेला तसा जमिनीखालचा दाब उतरला आणि पाण्याच्या वर वाफेचा थर तयार झाला. पुढे तिथल्या काही उथळ विहिरींतून कोरडी वाफ मिळू लागली.