ज्युरीची निवड आणि वकिलाची हयगय : अमेरिकेत अपील कसे करावे

अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) कोर्टात शिक्षा झाली की घरचे हमखास दोन तक्रारी करतात: ज्युरी (दोषी की निर्दोष ठरवणारे नागरिकांचे मंडळ) मुद्दाम आपल्या विरोधात जाईल अशी निवडली, आणि आपल्या वकिलाने काही केलेच नाही. दोन्ही तक्रारींना कायद्यात जागा आहे. मात्र मार्ग वेगळे आणि मुदतीही वेगळ्या.

ज्युरीचा मुद्दा थेट अपिलात येतो. शिक्षेचा निकाल कोर्टाच्या नोंदीत चढल्यापासून 14 दिवसांत खटला चाललेल्या कोर्टातच अपिलाची नोटीस द्यावी लागते. (राज्यांचे नियम निराळे, कॅलिफोर्नियात गंभीर गुन्ह्याला 60 दिवस.) नोटीस दिल्यावर ट्रान्सक्रिप्ट (कामकाजाची शब्दशः नोंद) मागवताना ज्युरी-निवडीचा भागही हवा, असे स्पष्ट लिहा. सरकारी वकिलाने वंश किंवा लिंग पाहून ज्युरर (ज्युरीसाठी आलेले नागरिक) वगळले, तर 1986 च्या बॅट्सन निकालाचा आधार मिळतो. पण हरकत निवडीच्या वेळीच घेतलेली हवी, नाहीतर मुद्दा जवळपास हातचा गेला. जॉर्जियातल्या फॉस्टर खटल्यात ती घेतली होती. पुढे माहिती कायद्याखाली सरकारी वकिलांची फाइल मिळाली, तर कृष्णवर्णीय ज्युररांची नावे हिरव्या मार्करने रंगवलेली आणि शेजारी ‘बी’ (म्हणजे ‘ब्लॅक’) लिहिलेले. 2016 मध्ये सुप्रीम कोर्टाने आरोपीच्या बाजूने निकाल दिला.

वकिलाची हयगय मात्र रेकॉर्डवर सहसा दिसतच नाही. न बोलावलेला साक्षीदार ट्रान्सक्रिप्टमध्ये कुठून सापडणार? म्हणून ही तक्रार फेडरल कायद्याच्या कलम 2255 खालच्या अर्जाने, शिक्षा देणाऱ्या कोर्टातच करतात. अर्जदार कैदेत किंवा सुटकेनंतरच्या देखरेखीखाली असावा. मुदत सर्वसाधारणपणे शिक्षा अंतिम झाल्यापासून एक वर्ष, फी नाही. सोबत वकिलाशी झालेला पत्रव्यवहार आणि साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे जोडा. 1984 च्या स्ट्रिकलँड निकालाप्रमाणे दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: काम दर्जाहीन होते, आणि ते नीट झाले असते तर निकाल वेगळा लागण्याची रास्त शक्यता होती. दुसरीवरच बहुतेक अर्ज अडतात.

ग्रीन कार्ड किंवा व्हिसावर असलेल्यांनी पडीया निकाल (2010) लक्षात ठेवावा: गुन्हा कबूल केल्यास देशाबाहेर काढले जाण्याचा धोका वकिलाने सांगायलाच हवा.

ऐपत नसेल तर पहिल्या अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील मिळतो. उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र भरावे लागते. 2255 साठी तसा हक्क नाही, कोर्टाच्या मर्जीवर आहे.

आणि ‘अपील करा’ हे वकिलाला लेखीच कळवून प्रत ठेवा. सांगूनही त्याने नोटीस दिली नाही, तर 2019 च्या गार्झा निकालानुसार अपिलात निकाल वेगळा लागला असता हे वेगळे सिद्ध करावे लागत नाही.