जुन्या वाइनच्या बाटलीची पारख

जुनी वाइन लिलावात किंवा कुणाच्या साठ्यातून सेकंडहँड घेताना बाटली न उघडताच दोन गोष्टी ओळखाव्या लागतात, आतली वाइन अजून पिण्यासारखी आहे का आणि बाटली खरंच लेबलवर लिहिलेल्या वर्षाची आहे का. लोक या दोन्हींची गल्लत करतात. बाटली शंभर टक्के अस्सल असते पण कित्येक वर्षं उकाड्यात पडून असते, मग ती अस्सल असून काय उपयोग.

आधी बघायची ती पातळी. बुचातून वर्षानुवर्षं थोडी थोडी वाइन उडत जाते, वर जी रिकामी जागा होते तिला अलेज म्हणतात. फ्रान्सच्या बोर्डो भागातल्या बाटलीला ठळक खांदे असतात म्हणून तिथे पातळी मानेत आहे, खांद्याच्या वरच्या भागात आहे की मधे असं बोलतात, बर्गंडी या दुसऱ्या फ्रेंच भागातल्या बाटलीचे खांदे उतरते, तिथे बुचाखाली किती सेंटिमीटर ते मोजतात. चाळीसेक वर्षांच्या बोर्डोत पातळी खांद्याच्या वरच्या भागात असली तर काळजी नको, पण खांद्याच्या खाली गेली असली तर धोका मोठा. बूच वर उचललेलं दिसलं किंवा कॅप्सूलखालून (बुचावरच्या आवरणाखालून) चिकट ओघळ आलेला असला तर बाटलीने बहुतेक उष्णता सोसलीय. मागून उजेड धरून रंगही बघावा, पांढरी वाइन तपकिरी झाली असेल तर सोडून द्यावी. डागाळलेल्या लेबलला मात्र घाबरू नये, दमट तळघरात लेबल खराब होतं पण बूच सुकत नाही, मला तर तसं लेबल उलट बरं वाटतं.

खरेपणा ओळखायचा तर बाटलीचे सगळे भाग एकाच वयाचे वाटतात का ते बघायचं. साठ वर्षांची बाटली आणि पातळी थेट मानेपर्यंत, असं असेल तर वाइनरीने बूच बदलून भर घातली होती का हे विचारायलाच हवं. कागद उजळ दिसावा म्हणून त्यात रसायनं घालायची पद्धत दुसऱ्या महायुद्धानंतर रुळली, त्यामुळे 1930 च्या बाटलीचं लेबल अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली निळसर चमकलं तर ते लेबल नंतरचं. सीझियम-137 हा किरणोत्सारी पदार्थ अणुस्फोटांतून हवेत आला, 1945 च्या आधीच्या वाइनमध्ये तो नसतो आणि बाटली न उघडता मोजता येतो.

पण कधीकधी उपकरणांची गरजच पडत नाही, नुसता इतिहास माहीत असला की पुरतं. 2008 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात डोमेन पोंसो या बर्गंडीतल्या वाइनरीच्या क्लो सॅं-दनी या वाइनच्या 1945 ते 1971 सालच्या बाटल्या आल्या होत्या आणि पोंसोंनी ती वाइन करायला सुरुवात केली 1982 मध्ये! त्या वाइनरीचे लोरां पोंसो स्वतः तिथे गेले, बाटल्या मागे घेतल्या गेल्या. त्या विकायला देणारा रुडी कुर्नियावान 2013 मध्ये दोषी ठरला, पुढच्या वर्षी 10 वर्षांची शिक्षा झाली. तो रेस्टॉरंटमधून खऱ्या रिकाम्या बाटल्या मागवायचा, म्हणून काच अस्सल आहे एवढ्यावर विश्वास ठेवू नये, बूचही बघावं, चांगल्या वाइनरी त्यावर नाव आणि साल छापतात. खरेदीची जुनी पावती आणि बाटली कुठे कुठे ठेवली होती ते आधीच मागून घ्यावं, बूच तर बहुतेक वेळा पैसे दिल्यावरच नीट दिसतं.