टाकीविना इंजिन: चिमुकल्या उपग्रहांच्या प्लाझ्मा प्रणोदनाची पार्श्वभूमी

अवघ्या काही किलो वजनाच्या उपग्रहांना कक्षेत स्वतःच्या बळावर सरकता यावे यासाठीची प्लाझ्मा इंजिने, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू (प्लाझ्मा) मागे फेकून रेटा मिळवणारी इंजिने, अलीकडे चर्चेत असली, तरी त्यांचे मूळ तंत्र साठ वर्षांपूर्वीचे आहे. नोव्हेंबर १९६४ मध्ये मंगळाकडे निघालेल्या सोव्हिएत झोंड-२ यानावर स्पंदित, म्हणजे थांबून थांबून रेटा देणारे, प्लाझ्मा थ्रस्टर (छोटी इंजिने) होते, आणि १९६८ मध्ये अमेरिकेच्या एलईएस-६ या दळणवळण उपग्रहावर टेफ्लॉन वापरणारे तसेच थ्रस्टर बसवण्यात आले. त्यांची रचना थक्क करण्याइतकी साधी होती. दोन विद्युदग्रांमध्ये (इलेक्ट्रोडमध्ये) टेफ्लॉनची कांडी असते आणि स्प्रिंग तिला मागून रेटत राहते. ठिणगी पडली की कपॅसिटरमध्ये साठवलेली ऊर्जा कांडीच्या पृष्ठभागावरून वाहते, तेथील अतिसूक्ष्म थर उडून त्याचा प्लाझ्मा होतो, आणि त्याच विद्युतप्रवाहाने निर्माण केलेले चुंबकीय क्षेत्र तो प्लाझ्मा वेगाने बाहेर फेकते. या रचनेत वायूची टाकी नाही, झडप नाही, नळीही नाही.

मोठ्या उपग्रहांनी मात्र दुसरी वाट धरली. जुलै १९६४ मधील सर्ट-१ मोहिमेत हॅरॉल्ड कॉफमन यांचे पाऱ्यावर चालणारे आयन इंजिन (विद्युतभारित अणू, म्हणजे आयन, विद्युतक्षेत्राने वेगात बाहेर फेकणारे) अवकाशात ३१ मिनिटे चालले. डिसेंबर १९७१ मध्ये सोडलेल्या सोव्हिएत मीटिओर उपग्रहावर, अलेक्सेई मोरोझोव्ह यांच्या संशोधनातून घडलेला हॉल थ्रस्टर (विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे एकत्र वापरून आयन फेकणारे इंजिन) होता. पुढे या दोन्ही प्रकारांसाठी झेनॉन वायू रूढ झाला. त्यांची कार्यक्षमता टेफ्लॉनच्या इंजिनापेक्षा कितीतरी सरस असल्यामुळे ते जुने तंत्र दीर्घकाळ मागे पडले, हे स्वाभाविकच होते.

१९९९ मध्ये जॉर्डी पुइग-सुआरी आणि बॉब ट्विग्ज यांनी १० सेंटिमीटर बाजूच्या घनाचे क्यूबसॅट हे प्रमाण मांडले, तेव्हा हे गणित पालटले. असे उपग्रह दुसऱ्या, महागड्या उपग्रहाच्या सोबतीने प्रक्षेपकावर चढतात. मुख्य प्रवाशाला धोका नको म्हणून उच्च दाबाच्या टाक्या आणि स्फोटक रसायने यांवर सुरुवातीच्या नियमांनी कडक मर्यादा घातल्या. उपलब्ध वीजही मोजक्याच वॉटची. शिवाय हॉल किंवा आयन इंजिन नुसते आकाराने लहान करून भागत नाही: कक्ष जितका लहान, तितके त्याच्या आकारमानाच्या तुलनेत भिंतींचे क्षेत्रफळ वाढते, भारित कण भिंतींवर आदळून वाया जातात, आणि त्यांना रोखण्यासाठी अधिक तीव्र चुंबकीय क्षेत्र लागते. माझ्या मते या क्षेत्राचा खरा इतिहास प्लाझ्मा कसा निर्माण करावा यापेक्षा प्रणोदक, म्हणजे इंजिन जो पदार्थ बाहेर फेकते तो, कसे साठवावे, याचाच आहे.

म्हणूनच घन प्रणोदकाकडे पुन्हा लक्ष गेले. फेब्रुवारी २०१३ मध्ये श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी२० ने सोडलेल्या ब्रिटनच्या स्ट्रँड-१ या क्यूबसॅटवर स्पंदित प्लाझ्मा थ्रस्टर होते. मे २०१५ मध्ये अमेरिकी नौदल अकादमीच्या ब्रिकसॅट-पी वर जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाचे सूक्ष्म कॅथोड-आर्क थ्रस्टर गेले. त्यांत विद्युतकमान धातूच्या कॅथोडलाच (ऋण विद्युदग्राला) झिजवते आणि त्याचाच प्लाझ्मा धक्का देतो, म्हणजे विद्युदग्र हेच प्रणोदक. प्रक्षेपणानंतर उपग्रहाच्या गिरक्या आवरण्यासाठी हे थ्रस्टर वापरले गेले. अशा इंजिनांचा रेटा बहुधा मायक्रोन्यूटनमध्ये (न्यूटन या बलाच्या एककाच्या दशलक्षांशात) मोजावा लागतो, त्यामुळे कक्षा बदलायला ते चिकाटीने, दीर्घकाळ चालवावे लागतात.

आयोडीनने आयन इंजिनालाही हा मार्ग खुला केला. आवर्त सारणीत ते झेनॉनच्या शेजारी आहे आणि दोघांचा अणुभार जवळजवळ सारखा आहे. पण सामान्य तापमानाला ते घन असते आणि तापवल्यावर थेट वाफ होते. नोव्हेंबर २०२० मध्ये सोडलेल्या एका चिनी उपग्रहावर फ्रान्सच्या थ्रस्टमी कंपनीचे आयोडीन आयन इंजिन कक्षेत चालवण्यात आले आणि त्याचे निष्कर्ष २०२१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आयोडीन अनेक धातूंना गंजवते, म्हणून त्याच्या संपर्कात येणारे भाग काळजीपूर्वक निवडावे लागतात. आणि घन आयोडीन तापवायला वेळ लागत असल्याने हे इंजिन आज्ञा मिळताच नव्हे, तर काही मिनिटांनी सुरू होते. समोरून येणारा अवकाशकचरा तातडीने चुकवायचा असेल, तर तेवढा अवधी आधीच हिशेबात धरावा लागतो.