परराज्यातली बाइक एमएच पासिंग करताना: एनओसी, कागदपत्रं आणि आरटीओची तपासणी

बंगळुरूहून बदलीबरोबर आलेली बुलेट, म्हापशातून स्वस्तात घेतलेली स्कूटर, दिल्लीच्या डीलरकडची हिमालयन. अशी गाडी महाराष्ट्रात कायमची ठेवायची असेल तर तिचं एमएच पासिंग (महाराष्ट्रात नोंदणी) करून घ्यावंच लागतं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली तर तिथला नवा नंबर घेणं बंधनकारक आहे. त्यासाठीचा अर्ज ते १२ महिने संपल्यापासून ३० दिवसांत करायचा असतो. चार महिन्यांच्या प्रोजेक्टसाठी पुण्यात आलेल्याने त्यामुळे घाबरून आरटीओ गाठायची गरज नाही. फक्त गाडी इथे कधी आली याचा पुरावा जवळ हवा. रेल्वेने पाठवली असेल तर पार्सलची पावती, ट्रान्सपोर्टने आली असेल तर बिल्टी (माल पाठवल्याची पावती) जपून ठेवा. चौकात अडवल्यावर ‘आत्ताच आणलीय साहेब’ हे सगळेच म्हणतात.

बीएच म्हणजे देशभर चालणाऱ्या ‘भारत’ मालिकेचा नंबर असेल तर यातलं काहीच करायचं नाही. ही मालिका १५ सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. सरकारी, संरक्षण दलातले, सार्वजनिक उपक्रमांतले कर्मचारी आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांनाच ती मिळते.

सुरुवात जुन्या आरटीओपासून

गाडी जिथे नोंदलेली आहे तिथल्या आरटीओची ना-हरकत, म्हणजे एनओसी, हा पहिला कागद. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये, ‘परिवहन’ संकेतस्थळावरच्या वाहन सेवेतून भरता येतो. त्यावर चॅसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप लागते. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची संमती जोडावी लागते. थकलेला कर आणि ई-चलनं आधी निकाली काढा, नाहीतर अर्ज तिथेच अडकतो. गाडी चोरीची नाही ना, हेही याच टप्प्यावर तपासलं जातं.

एनओसीवर कोणत्या आरटीओच्या नावाने गाडी पाठवायची ते लिहिलेलं असतं, आणि नेमकं तिथे लोक घाईत ‘पुणे’ टाकून मोकळे होतात. वाकड-हिंजवडीत राहणाऱ्याचं कार्यालय पिंपरी-चिंचवड, म्हणजे एमएच-१४. कोथरूडवाल्याचं एमएच-१२. कोड चुकला की दुरुस्तीसाठी पुन्हा मूळ राज्याकडेच जावं लागतं. म्हणून अर्ज करण्याआधी आपल्या पिनकोडचं आरटीओ कोणतं, हे नक्की करून घ्या.

जुन्या आरटीओने ३० दिवसांत होकार किंवा नकार कळवला नाही तर एनओसी दिली असं कायदा मानतो. तरीही अशा ‘मानलेल्या’ एनओसीवर इथल्या खिडकीवर काम होईल या भरवशावर राहू नका. कागद हातात घ्या.

सेकंडहँड गाडी घेत असाल तर मालकी बदलण्यासाठी विक्रेत्याच्या सह्या केलेले नमुना २९ आणि ३० सुद्धा लागतात. माझं स्पष्ट मत आहे की एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे देऊ नयेत. ‘पंधरा दिवसांत पाठवतो’ म्हणणाऱ्याचा फोन पैसे मिळाल्यावर लागेनासा होतो.

फाइलमध्ये काय असावं

मूळ आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), एनओसी, नव्या नंबरसाठी नमुना २७, पत्ता बदलाचा नमुना ३३, चालू विमा, पीयूसी, पॅन किंवा त्याऐवजी नमुना ६०, आणि इथल्या पत्त्याचा पुरावा. भाड्याने राहत असाल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार सगळ्यात सोपा पडतो. नोटरी केलेल्या साध्या कराराने काम होईलच असं नाही. गाडी नवी घेतली तेव्हाचं बिलही शोधून ठेवा, कारण इथला कर गाडीच्या किमतीवर निघतो.

तपासणीत निरीक्षक काय बघतात

ऑनलाइन अर्ज आणि शुल्क भरून झालं की गाडी घेऊन आरटीओत जायचं. मोटार वाहन निरीक्षक पहिल्यांदा आरसीवरचे चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहतात. बाइकचा चॅसिस नंबर बहुधा हँडलखालच्या मानेवर ठोकलेला असतो. किनारपट्टीवर फिरलेल्या गाडीत तिथे हमखास गंज चढतो. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने तो भाग हळूहळू पुसा. पॉलिश पेपर अजिबात लावू नका, कारण घासलेला नंबर दिसला की खाडाखोडीचा संशय येतो आणि मग साधं काम चौकशीवर जातं. इंजिन नंबर खाली क्रँककेसवर असतो, तेल आणि चिखलाच्या थराखाली. ॲडव्हेंचर बाइकला बॅश प्लेट (इंजिनाखालची संरक्षक पट्टी) लावली असेल आणि तिच्याआड नंबर झाकला जात असेल तर ती घरीच काढून जा. आरटीओच्या आवारात उन्हात पाना शोधत बसण्यात मजा नाही.

त्यानंतर गाडी मूळ रूपात आहे का ते पाहिलं जातं. आरसीवर काळा रंग आणि समोर मॅट हिरवा, हे चालत नाही. रंग किंवा इंजिन बदललं असेल तर कलम ५२ प्रमाणे त्याची आरसीवर नोंद हवी. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर, छोटे इंडिकेटर, काढून टाकलेले आरसे, वाकवलेली नंबरप्लेट हे सगळं पूर्ववत करूनच गाडी न्या. बेकायदा फेरफाराला कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. साडीगार्ड आणि मागच्या माणसाला धरायचं हँडल यांच्याकडे बहुतेकांचं लक्षच नसतं. केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे मागे बसणाऱ्यासाठी पकड, पायटा आणि मागचं चाक किमान निम्मं झाकणारं संरक्षण असलंच पाहिजे. कॅफे रेसर करून घेतलेल्या, म्हणजे मागचा भाग छाटून शर्यतीच्या गाडीचं रूप दिलेल्या, गाड्या इथेच अडकतात. टायरची नक्षी दुचाकीला किमान ०.८ मिलिमीटर लागते. हॉर्न, ब्रेक लाइट, हेडलाइट चालू आहेत हे आदल्या दिवशी बघून घ्या.

ही तपासणी म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे. गाडी कागदाशी जुळते आणि नियमात बसते एवढंच ती सांगते. परगावहून सेकंडहँड आणलेल्या गाडीचे ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट, फोर्कचं तेल आणि हँडलच्या बेअरिंग आपल्या मेकॅनिककडून वेगळ्या तपासून घ्या.

ऑफ-रोड गाड्यांचं काय?

इथे दोन प्रकार वेगळे करायला हवेत. एक्सपल्स किंवा हिमालयनसारख्या गाड्या रस्त्यासाठी मंजूर झालेल्या आहेत. त्यांना वरची सगळी प्रक्रिया लागू पडते, फक्त रॅली किट लावलं असेल तर ते उतरवून जायचं. थार किंवा जिप्सीचंही तसंच. बंपरपुढचा लोखंडी गार्ड, म्हणजे बुलबार, काढा (केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं होतं), छतावरची जादा दिव्यांची पट्टी काढा, आणि बॉडीबाहेर आलेल्या टायरांच्या जागी कंपनीच्या मापाचे बसवा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही निर्मात्याच्या मूळ तपशिलाविरुद्ध केलेले बदल कायद्यात बसत नाहीत असं स्पष्ट केलं आहे.

दुसरा प्रकार खऱ्या डर्ट बाइकचा आणि एटीव्हीचा. कावासाकीच्या केएक्स मालिकेसारख्या शर्यतीच्या गाड्या किंवा कोकणातल्या किनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या चारचाकी एटीव्ही बहुधा रस्त्यासाठी मंजूरच नसतात. निर्मात्याचं रस्तायोग्यतेचं प्रमाणपत्र, म्हणजे नमुना २२, नाही तर पहिली नोंदणी नाही. पहिली नोंदणी नाही तर एनओसी कशाची देणार? दुसऱ्या राज्यातून अशी गाडी घेतली तर खरेदीचं बिल हाच मालकीचा कागद. ती टेम्पोत घालून आणायची आणि खासगी ट्रॅकवरच चालवायची. ‘दोन हजार जास्त द्या, पासिंग करून देतो’ म्हणणारा एजंट भेटला तर तिथूनच मागे फिरा. ती आरसी दुसऱ्याच गाडीची निघेल.

पास झाल्यावर

नंबर देण्याचं केंद्रीय शुल्क बाइकला ३०० रुपये आहे. खरा खर्च एकरकमी कराचा. इंजिनाच्या सीसीप्रमाणे त्याचे टप्पे आहेत आणि गाडी जितकी जुनी तितकी रक्कम कमी होते. कर भरल्यावर एमएच नंबर पडतो, मग एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवायची आणि विमा कंपनीला नवा नंबर कळवून पॉलिसीत नोंद करून घ्यायची.

जुन्या राज्यात भरलेल्या एकरकमी कराचा उरलेल्या वर्षांचा भाग परत मागता येतो. तो अर्ज त्या राज्यातल्या मूळ आरटीओकडे करायचा असतो आणि त्याला नव्या आरसीची प्रत व पूर्वीची कर-पावती लागते. म्हणून जुनी आरसी इथे जमा करण्याआधी तिच्या दोन्ही बाजू आणि एनओसी स्कॅन करून ठेवा. नंतर त्यांची प्रत मिळवायला पुन्हा त्या गावी जावं लागू शकतं.