रबर शीट फरशीला चिकटवावीच लागते? नाही हो!

घरच्या जिमला नाहीतर वर्कशॉपला रबर शीट टाकायची म्हटलं की कुणीतरी सांगतंच, आधी सगळीकडे गोंद लाव नाहीतर सरकेल. काही गरज नाही, 8 मिमीची शीट चौरस मीटरला साधारण 9 किलो भरते, मोठा तुकडा असेल तर स्वतःच्या वजनानेच बसून राहतो. खरी चूक वेगळीच, लोक रोल उघडून लगेच कापतात आणि भिंतीला घट्ट भिडवतात, मग रबर गरम होऊन वाढलं की मधेच फुगवटा येतो आणि दोष मात्र गोंद न लावल्याला! एक दिवस पसरून ठेवा, कडेने 5-6 मिमी फट सोडा. सुटे छोटे तुकडे असतील किंवा जड सामान ओढायचं असेल तर तिथे डबल साइड टेप, बास. आणि फरशीला ओल येत असेल तर आधी ती थांबवा, तिथे गोंदही धरत नाही.