१९१८ च्या फ्लूचा तो २.५ टक्केवाला आकडा

कोरोना आला तेव्हापासून एक वाक्य फिरतंय, की १९१८ च्या स्पॅनिश फ्लूचा मृत्युदर (म्हणजे लागण झालेल्यांपैकी किती मेले) २.५ टक्के होता. सोबत दुसरं वाक्यही असतंच, की तेव्हा ५० कोटी लोकांना लागण झाली आणि ५ कोटी मेले. अहो, ५० कोटीत ५ कोटी म्हणजे सरळ १० टक्के झाले ना! उलटं करून बघा, २.५ टक्क्यांनी ५ कोटी मरायला २०० कोटींना लागण व्हायला हवी, आणि तेव्हा जगाची लोकसंख्याच १८०-१९० कोटी होती. बरं, ५ कोटी जास्त वाटतात तर १.७४ कोटीचा कमीतला अंदाज घ्या, तरी साडेतीन टक्के येतात. २.५ धरला तर अख्ख्या जगात सव्वा कोटी, आणि तेवढे तर एकट्या ब्रिटिश इंडियातच गेले असं बहुतेक अंदाज सांगतात.

आणि मुळात एकच दर सगळ्यांना लावायचाच कशाला? मुंबईतच बघा, त्या वेळच्या नोंदीत युरोपियन लोकांत हजारी ८ च्या आसपास मृत्यू, आणि ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' लिहिलंय त्यांच्यात हजारी ६१ (हे लोकसंख्येमागे हं, पेशंटमागे नाही). व्हायरस तोच, फरक दाटीचा, भुकेचा आणि शुश्रूषेला कोणी आहे की नाही याचा.