'५३१'चा स्टिकर आणि अर्धं सत्य

जुनी रेसिंग सायकल हाती लागली की नजर आधी जाते सीटखालच्या नळीवरच्या 'रेनॉल्ड्स ५३१' या स्टिकरकडे. मग ठरलेलं वाक्य येतं: "स्टिकर आहे, म्हणजे अख्खी फ्रेम ५३१ची." तसं नसतं.

बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने मँगनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ही '५३१' नळी १९३५ मध्ये आणली. स्टिकर मात्र एकच नव्हता. एकावर नळ्या, फोर्क (पुढच्या चाकाचा चिमटा) आणि मागचे दांडे सगळेच ५३१चे असल्याचं लिहिलेलं असे. दुसऱ्यावर फक्त तीन मुख्य नळ्यांचा उल्लेख. सत्तरच्या दशकातली रॅले सुपर कोर्स या दुसऱ्या गटातली, फ्रेंच प्यूजो पीएक्स-१० पहिल्या. शिवाय नवे स्टिकर आजही विकत मिळतात, म्हणजे रंगकाम झालेल्या सायकलवर तर भरवसाच नको.

त्यापेक्षा सीटपोस्ट (सीटचा दांडा) काढून त्याचा व्यास मोजा. पातळ भिंतीच्या, इंग्लिश मापाच्या ५३१ नळीत सहसा २७.२ मिमीचा पोस्ट बसतो. २५.४ निघाला, तर नळी साधी आणि जाड असल्याचा संशय घ्यावा. फ्रेंच सायकलला मात्र ही फूटपट्टी लावू नका. पीएक्स-१०ला साधारण २६.४च लागतो, आणि ती अस्सल ५३१!

पोस्ट निघत नसेल तर हातोडी नको. ॲल्युमिनियमचा पोस्ट पोलादी नळीत गंजून चिकटलेला असतो. तेल दोन दिवस मुरू द्या. बॉटम ब्रॅकेट (पॅडलचा आस बसतो ती जागा) उघडतानाही सायकल कुठली ते आधी पाहा: इंग्लिश सायकलचा चेनकडचा कप उलट्या आट्यांचा, जुन्या फ्रेंच सायकलींचा बहुधा सरळ.